ब्रिटनचा ‘रिस्पेक्ट’ पक्ष: बारा वर्षांत एक छोटा डावा पक्ष मुस्लिम मोहल्ल्याला काय देऊन गेला?

मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. निवडणुकीचा धडा चालू होता तेव्हा नववीतल्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, ‘‘टीचर, अब्बू म्हणतात छोट्या पक्षाला मत म्हणजे मत वाया. आणि मामू म्हणतात, मोठे पक्ष आपल्याला विचारतच नाहीत. मग बरोबर कोण?’’

वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आपल्या प्रत्येक घरात, प्रत्येक निवडणुकीत दस्तरखानावर हाच वाद होतो. मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. घरी येऊन विचार केला की आपल्याकडचं उदाहरण घेतलं तर लगेच कोणाची तरी बाजू घेतल्यासारखं होतं, आणि मग प्रश्न बाजूला राहून भांडणच सुरू होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी वर्गाला ब्रिटनमधल्या एका पक्षाची गोष्ट सांगितली. त्या पक्षाचं नाव ‘रिस्पेक्ट’. हा पक्ष २००४ मध्ये जन्मला आणि २०१६ मध्ये संपला. म्हणजे माझ्या नववीच्या मुलांपेक्षाही कमी वय. पण या बारा वर्षांत त्याने दोनदा सगळ्या ब्रिटनला धक्का दिला, आणि दोन्ही वेळा तो धक्का मुस्लिम मोहल्ल्यांतूनच आला.

कोकणातली, मुंबईतली अनेक मुस्लिम घरं आज नातेवाइकांमुळे ब्रिटनशी जोडलेली आहेत. माझ्या खालाचा मुलगा लेस्टरला राहतो. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला वाटते तेवढी लांबची नाही.

युद्ध आणि रिकामी झालेली जागा

ब्रिटनमधल्या मुस्लिमांची बहुसंख्या पाकिस्तान, बांगलादेश आणि भारतातून गेलेल्या कामगारांच्या कुटुंबांची आहे. कापड गिरण्या, कारखाने, हॉटेलं, टॅक्सी, छोटी दुकानं, हे त्यांचं जग. कामगार म्हटलं की तिथे मजूर पक्ष, म्हणजे लेबर. दोन-तीन पिढ्या ही मतं मजूर पक्षाला ठरलेलीच होती. १९९७ मध्ये मोहम्मद सरवर हे ब्रिटनचे पहिले मुस्लिम खासदार झाले, तेही ग्लासगोमधून आणि मजूर पक्षाकडूनच.

मग २००३ साल आलं. पंतप्रधान टोनी ब्लेअर मजूर पक्षाचे, आणि त्यांनी अमेरिकेबरोबर इराकवर हल्ला करायचं ठरवलं. १५ फेब्रुवारी २००३ ला लंडनमध्ये युद्धाविरुद्ध मोर्चा निघाला. पोलिसांनी साडेसात लाख लोक मोजले, संयोजकांनी वीस लाखांपर्यंत आकडा सांगितला. त्यात मुस्लिम होते, ख्रिस्ती होते, नास्तिक होते, कामगार संघटना होत्या, शाळकरी मुलंसुद्धा होती. तरी १८ मार्चला संसदेत मतदान झालं आणि युद्धाच्या बाजूने ४१२, विरोधात १४९ मतं पडली. मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी त्या दिवशी आपल्याच सरकारविरुद्ध बंड केलं, पण विरोधी हुजूर पक्ष ब्लेअर यांच्या मदतीला होता. दोन दिवसांत युद्ध सुरू झालं.

आता त्या मोर्चातल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही आयुष्यभर मजूर पक्षाला मत दिलं. त्यानेच युद्ध केलं. समोरचा मोठा पक्षही युद्धाच्या बाजूने. लिबरल डेमोक्रॅट हा तिसरा पक्ष विरोधात होता, काही मतं तिकडे गेलीही. पण कामगार वस्तीतल्या माणसाला आपला वाटेल असा युद्धविरोधी पक्ष उरला नव्हता. ही रिकामी जागा भरायला रिस्पेक्ट आला.

कोण कोण एकत्र आलं?

जॉर्ज गॅलोवे हे स्कॉटलंडच्या डंडी शहरात जन्मलेले, १९८७ पासून मजूर पक्षाचे खासदार. जोरदार वक्ते. युद्धावर त्यांनी आपल्याच सरकारविरुद्ध इतकी कडक भाषा वापरली की ऑक्टोबर २००३ मध्ये पक्षाने त्यांना काढून टाकलं. तीन महिन्यांनी, २५ जानेवारी २००४ ला, लंडनमध्ये नव्या आघाडीची स्थापना झाली.

पक्षाचं इंग्रजी नाव म्हणजे आदर, इज्जत. आणि त्या शब्दाच्या एकेका अक्षरात एकेक गोष्ट बसवली होती: आदर, समानता, समाजवाद, शांतता, पर्यावरण, समुदाय आणि कामगार संघटना.

या आघाडीत मुख्य तीन प्रकारची माणसं होती.

पहिले गॅलोवे यांच्यासारखे, मजूर पक्षातून बाहेर पडलेले किंवा काढलेले.

दुसरे सोशलिस्ट वर्कर्स पार्टीचे कार्यकर्ते. हा एक छोटा, कडक शिस्तीचा ट्रॉट्स्कीवादी गट. निवडणुका जिंकणं हे त्यांचं काम नव्हतं, पण पत्रकं वाटणं, सभा भरवणं, मोर्चा काढणं यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. नव्या पक्षाचा सांगाडा त्यांनीच उभा केला.

तिसरे मुस्लिम समाजातले कार्यकर्ते. युद्धविरोधी चळवळीत पहिल्यांदाच रस्त्यावर आलेले तरुण, मशिदींशी जोडलेले लोक, आणि सलमा याकूब यांच्यासारख्या हिजाब घालणाऱ्या, शिकलेल्या, माईकसमोर न घाबरणाऱ्या स्त्रिया.

लक्षात घ्या, हा मुस्लिमांचा पक्ष नव्हता. सभासद व्हायला धर्माची अट नव्हती, जाहीरनामा समाजवादी होता. रेल्वे पुन्हा सरकारी करा, पेन्शन वाढवा, घरं बांधा, युद्ध थांबवा, अशा मागण्या होत्या. नास्तिक मार्क्सवादी आणि पाच वक्त नमाजी एका टेबलाशी बसले होते. प्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक केन लोच हेसुद्धा पक्षाच्या उमेदवार यादीत होते.

अडीच लाख मतं आणि शून्य जागा, अडुसष्ट हजार मतं आणि एक जागा

इथे मी फळ्यावर दोन आकडे लिहिले.

जून २००४ मध्ये युरोपियन संसदेची निवडणूक झाली. रिस्पेक्टला देशभरात सुमारे अडीच लाख मतं मिळाली, म्हणजे दीड टक्का. जागा शून्य. त्याच दिवशी लंडनच्या नगरसभेचीही निवडणूक होती. तिथे यादीतून जागा मिळायला किमान पाच टक्के मतं लागतात. रिस्पेक्ट साडेचार टक्क्यांवर अडकला. पुन्हा शून्य.

मे २००५ मध्ये संसदेची सार्वत्रिक निवडणूक झाली. या वेळी पक्षाने फक्त २६ मतदारसंघांत उमेदवार उभे केले. एकूण मतं फक्त अडुसष्ट हजारांच्या आसपास. पण जागा मिळाली, एक.

मतं कमी झाली आणि जागा मिळाली, हे कसं? मुलांनीच उत्तर शोधलं. युरोपियन निवडणुकीत जागा टक्केवारीच्या हिशेबाने वाटल्या जात होत्या, आणि दीड टक्का हा वाट्याला येण्याइतका मोठा नव्हता. संसदेची पद्धत मात्र आपल्या लोकसभा-विधानसभेसारखीच आहे. ब्रिटिशांकडूनच ती आपल्याकडे आली. मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, बाकीच्यांची मतं तिथेच संपली. या पद्धतीत पन्नास ठिकाणी हजार-हजार मतं असली तर हाती काहीच लागत नाही. तीच मतं एका मोहल्ल्यात एकवटली तर खासदार निवडून येतो.

म्हणजे त्या मुलीच्या अब्बूंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. विखुरलेलं छोटं मत खरंच जागा देत नाही. पण एकवटलेलं देतं.

८२३ मतांचा विजय

तो मतदारसंघ होता पूर्व लंडनमधला बेथनल ग्रीन अँड बो. टॉवर हॅम्लेट्स नावाच्या भागातला. इथे सिल्हटहून आलेल्या बांगलादेशी मुस्लिमांची दाट वस्ती आहे. पण या भागाची गोष्ट त्याहून जुनी. ब्रिक लेनवरची मशीद पाहिली तर ती कळते. १७४३ ची ती इमारत आधी फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांचं चर्च होती, पुढे ज्यूंचं सिनेगॉग झाली, आणि १९७६ पासून मशीद आहे. म्हणजे जो गरीब परदेशातून आला तो इथेच उतरला. १९३६ मध्ये याच भागात, केबल स्ट्रीटवर, ज्यू, आयरिश आणि डाव्या कामगारांनी मिळून फॅसिस्टांचा मोर्चा अडवला. १९४५ मध्ये इथल्या माइल एंडमधून फिल पिराटिन हा कम्युनिस्ट खासदार निवडून आला होता. डाव्या बंडखोरीला इथली जमीन ओळखीची होती.

मजूर पक्षाच्या खासदार होत्या ऊना किंग. २००१ मध्ये त्या दहा हजारांवर मतांनी जिंकल्या होत्या. त्यांनी युद्धाच्या बाजूने मत दिलं होतं. २००५ मध्ये गॅलोवे यांनी त्यांना ८२३ मतांनी हरवलं. बर्मिंगहॅममध्ये सलमा याकूब यांनी सव्वासत्तावीस टक्क्यांहून जास्त मतं घेऊन दुसरा नंबर मिळवला. पूर्व लंडनमधल्या आणखी दोन जागांवरही पक्ष दुसरा आला.

पुढच्या वर्षी, मे २००६ मध्ये, टॉवर हॅम्लेट्सच्या ५१ नगरसेवकांपैकी १२ रिस्पेक्टचे झाले. हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट दोघांनाही मागे टाकून तो तिथला मुख्य विरोधी पक्ष झाला. सलमा याकूब बर्मिंगहॅममध्ये नगरसेवक झाल्या. दोन वर्षांच्या पक्षाला याहून जास्त काय पाहिजे?

ज्या गोष्टी लपवून चालणार नाहीत

इथपर्यंत गोष्ट सांगितली की आपल्याला बरं वाटतं. पण पुढचंही सांगायला हवं.

ऊना किंग यांचे वडील आफ्रिकन अमेरिकन आणि आई ज्यू. प्रचाराच्या काळात आपण ज्यू आहोत म्हणून मत देऊ नका असं काही लोक घरोघरी सांगत असल्याची तक्रार त्यांनी जाहीरपणे केली. पक्षाने ते आपलं काम नाही म्हटलं. कोणी केलं त्यात मी जात नाही. पण इराकच्या मतदानाबद्दल त्यांना जाब विचारणं हा मतदाराचा हक्क होता. त्यांच्या आईचा धर्म काढणं हा हक्क नव्हता. आडनावावरून भाडेकरू नाकारला जातो तेव्हा आपल्याला किती लागतं! तेच माप दुसऱ्यालाही लावायला नको का?

दुसरी गोष्ट वागण्याची. जानेवारी २००६ मध्ये गॅलोवे ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’ या टीव्ही कार्यक्रमात गेले. आपल्याकडचा ‘बिग बॉस’ त्याच घराण्यातला. निवडून आलेला खासदार अनेक दिवस घरात कोंडलेला, आणि एका प्रसंगात तर मांजर बनून दूध पिण्याचं नाटक करताना देशाने पाहिला. ज्या मतदारांनी युद्ध, बेकारी आणि घरांचा प्रश्न घेऊन त्यांना पाठवलं होतं त्यांना काय वाटलं असेल? पक्ष एकाच चेहऱ्यावर उभा असला की त्या चेहऱ्याची प्रत्येक चूक पक्षाच्या खात्यात जमा होते.

एकाच दिवशी दोन अधिवेशनं

खरी तडा गेली २००७ मध्ये. ऑगस्टमध्ये गॅलोवे यांनी पक्षाच्या राष्ट्रीय समितीला एक पत्र लिहिलं. सभासद वाढत नाहीत, पैसा नीट वापरला जात नाही, संघटना ढिली आहे, असं त्यात म्हटलं होतं. बोट सोशलिस्ट वर्कर्स पार्टीच्या नेत्यांकडे होतं, कारण पक्षाचं ऑफिस तेच चालवत होते.

त्यांचं उत्तर असं की, तुम्ही निवडणूक जिंकायच्या घाईत समाजातल्या वजनदार माणसांच्या, व्यापाऱ्यांच्या कलाने चालला आहात. ज्याच्यामागे मतं आहेत त्याला तिकीट, मग त्याचा समाजवादाशी संबंध असो वा नसो. समलैंगिकांच्या हक्कांसारख्या विषयावर किती बोलायचं, यावरही आधीपासून ताण होता.

मला विचाराल तर दोघांच्याही बोलण्यात सत्य होतं. एका बाजूला निवडणूक हवी होती, दुसऱ्या बाजूला चळवळ. युद्ध हा प्रश्न जिवंत होता तोवर दोघं एका दोरीला बांधलेले होते. रोजचं काम सुरू झालं, नगरपालिकेत कोणाशी जमवून घ्यायचं, कोणाला उभं करायचं, हे प्रश्न आले, आणि गाठ सुटली.

१७ नोव्हेंबर २००७ ला लंडनमध्ये एकाच दिवशी रिस्पेक्टची दोन अधिवेशनं भरली. दोघेही म्हणाले, खरे आम्हीच. शेवटी नाव गॅलोवे यांच्या बाजूकडे राहिलं. सोशलिस्ट वर्कर्सवाल्यांनी ‘लेफ्ट लिस्ट’ नावाने निवडणूक लढवली, २००८ च्या लंडन महापौरपदाच्या लढतीत त्यांना एक टक्काही मतं मिळाली नाहीत, आणि तो प्रयोग लवकरच विरला. टॉवर हॅम्लेट्सचे नगरसेवकही फुटले. कोणी परत मजूर पक्षात गेलं. एक जण तर थेट हुजूर पक्षात गेला, त्याच पक्षात ज्याने युद्धाला पाठिंबा दिला होता.

२०१० च्या निवडणुकीत पक्षाच्या हाती एकही खासदार राहिला नाही. गॅलोवे शेजारच्या मतदारसंघात तिसरे आले. बेथनल ग्रीन अँड बो मजूर पक्षाने परत जिंकलं. कोणाला उभं करून? रुशनारा अली यांना, ज्या ब्रिटनच्या बांगलादेशी मूळ असलेल्या पहिल्या खासदार झाल्या. त्या वर्षी तिथे तिन्ही मुख्य स्पर्धकांचे उमेदवार बांगलादेशी मुस्लिम होते. पाच वर्षांपूर्वी असं चित्र नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

सलमा याकूब

माझ्या वर्गातल्या मुलींना सगळ्यात जास्त आवडली ती सलमा याकूब यांची गोष्ट. जन्म ब्रॅडफर्डचा, वाढल्या बर्मिंगहॅममध्ये, पेशाने मानसोपचार करणाऱ्या. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर हिजाब पाहून रस्त्यात कोणीतरी त्यांच्यावर थुंकलं. लहान मूल बरोबर होतं. त्या घरी बसल्या नाहीत, शहरातल्या युद्धविरोधी आघाडीच्या प्रमुख झाल्या. बाहेरच्यांना त्या ‘जास्त मुस्लिम’ वाटायच्या आणि समाजातल्या काही बुजुर्गांना बाईने राजकारणात यावं हेच पटत नव्हतं. दोन्हीकडून ऐकून घेत त्यांनी काम केलं. २०१० मध्ये बर्मिंगहॅमच्या हॉल ग्रीनमध्ये ग्रीन पक्षाने त्यांच्यासाठी आपला उमेदवार दिला नाही. त्यांना १२,२४० मतं पडली, साधारण चौथा हिस्सा. जिंकायला आणखी चार हजार कमी पडली.

त्या जिंकल्या असत्या तर पक्षाला दुसरा चेहरा मिळाला असता, आणि कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

ब्रॅडफर्ड: बिरादरीविरुद्ध पोरांचं बंड

पक्ष संपला असं सगळे म्हणत असताना २०१२ मध्ये उत्तर इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड वेस्टमध्ये पोटनिवडणूक लागली. खासदाराने तब्येतीमुळे राजीनामा दिला होता. कापड गिरण्यांचं हे शहर. इथले बहुतेक मुस्लिम आझाद काश्मीरमधल्या मीरपूर भागातून गेलेले.

इथलं राजकारण ‘बिरादरी’ने चालायचं. हा शब्द तिथल्या इंग्रजी पेपरांतही जसाच्या तसा छापला जातो. पद्धत अशी की कुळातल्या, गावातल्या एका बुजुर्गाशी पक्षाने बोलणं केलं की शेकडो घरांची मतं ठरली. घरातल्या मुलाला, सुनेला कोणी विचारत नव्हतं. बदल्यात बुजुर्गाच्या माणसाला नगरसेवकाचं तिकीट. मजूर पक्ष वर्षानुवर्षं या वाटेने जिंकत होता. आपल्याकडे जमातीच्या बैठकीत ‘सगळ्यांनी मिळून अमुक’ असं ठरतं आणि त्या बैठकीत एकही बाई किंवा पंचविशीतला मुलगा नसतो, तसंच हे.

गॅलोवे तिथे उतरले आणि बुजुर्गांना वगळून थेट तरुणांकडे गेले. विद्यार्थी, पहिल्यांदा मत देणारे, आणि घरातल्या स्त्रिया. २९ मार्च २०१२ ला मतदान झालं. गॅलोवे यांना १८,३४१ मतं, जवळपास ५६ टक्के. मजूर पक्षाचे इम्रान हुसैन १०,१४० मतांनी हरले. मुस्लिम मतदारांनी मुस्लिम उमेदवाराला सोडून एका स्कॉटिश गोऱ्याला निवडलं होतं. ‘आपला माणूस’ म्हणजे आपल्या धर्माचा की आपलं ऐकणारा, याचं उत्तर त्या पोरांनी दिलं. दोन महिन्यांच्या आत पालिका निवडणुकीत पक्षाच्या पाच जागा आल्या, आणि मजूर पक्षाचे पालिकेतले नेतेही हरले.

पुन्हा तेच

पण जुन्या चुका परत आल्या. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्युलियन असांज यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांबद्दल बोलताना गॅलोवे यांनी ते गंभीर नसल्यासारखं वक्तव्य केलं. सलमा याकूब यांनी ते चुकीचं आहे असं उघडपणे सांगितलं आणि सप्टेंबरमध्ये पक्ष सोडला. ज्या बाईने पक्ष उभा केला तिला स्त्रीच्या इज्जतीच्या प्रश्नावर ‘इज्जत’ नावाच्या पक्षातून बाहेर पडावं लागलं.

२०१३ मध्ये ब्रॅडफर्डच्या पाचही नगरसेवकांनी पक्षाशी नातं तोडलं. कारण, गॅलोवे ब्रॅडफर्ड सोडून लंडनच्या महापौरपदाकडे पाहत असल्याची चर्चा आणि त्यावरून झालेलं भांडण.

२०१५ मध्ये मजूर पक्षाने नाझ शाह यांना उभं केलं. पंधराव्या वर्षी जबरदस्तीने लग्न, आई तुरुंगात, धाकट्या भावंडांना सांभाळत काढलेले दिवस, हे सगळं त्यांनी स्वतः लिहून मतदारांसमोर ठेवलं. गॅलोवे यांनी निकाहनाम्यावरच्या तारखेवरून त्यांच्या सांगण्यावर शंका घेतली. प्रचारात एका बाईचा निकाहनामा फडकवणं मतदारांना आवडलं नाही, असं निकाल तरी सांगतो. नाझ शाह ११,४२० मतांनी जिंकल्या. ज्या तरुण मुलींनी २०१२ मध्ये बुजुर्गांचं ऐकलं नाही त्या २०१५ मध्ये गॅलोवे यांचंही का ऐकतील?

२०१६ च्या लंडन महापौर निवडणुकीत गॅलोवे यांना दीड टक्काही मतं मिळाली नाहीत. जिंकले सादिक खान, मजूर पक्षाचे, बस ड्रायव्हरचे सुपुत्र. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिस्पेक्टने निवडणूक आयोगाकडची आपली नोंदणी मागे घेतली. पक्ष संपला.

मग मत वाया गेलं का?

फळ्यावर हिशेब मांडला तर बारा वर्षांत संसदेच्या दोन विजयी निवडणुका, तीसच्या आसपासही नगरसेवक नाहीत, आणि शेवटी शून्य. पण मी मुलांना दुसरा स्तंभ आखायला सांगितला: जे पक्षाच्या खात्यात दिसत नाही ते.

एक. मजूर पक्षाला कळलं की ही मतं खिशात नाहीत. २०१० मध्ये रुशनारा अली, शबाना महमूद आणि यास्मिन कुरेशी या ब्रिटनच्या पहिल्या मुस्लिम महिला खासदार झाल्या, तिघीही मजूर पक्षाच्या. याचं सगळं श्रेय रिस्पेक्टला देणं चूक होईल, त्या स्वतःच्या कष्टावर आल्या. पण टॉवर हॅम्लेट्समध्ये हरल्याशिवाय मोठा पक्ष इतक्या लवकर जागा झाला असता असं मला वाटत नाही.

दोन. तरुण आणि स्त्रिया मतदानाच्या रांगेत स्वतःच्या मर्जीने उभ्या राहिल्या. ही सवय पक्ष संपला तरी संपत नाही.

तीन. वाट माहीत झाली. जुलै २०२४ मध्ये गाझाच्या प्रश्नावरून मजूर पक्षावर नाराज झालेल्या मतदारांनी चार मुस्लिम अपक्ष खासदार निवडून दिले. त्यातली एक जागा लेस्टर साउथ, जिथे २००४ च्या पोटनिवडणुकीत रिस्पेक्टला साडेबारा टक्क्यांच्या आसपास मतं पडली होती. वीस वर्षांनी तिथे शौकत आदम यांनी मजूर पक्षाच्या मोठ्या नेत्याला ९७९ मतांनी हरवलं. गॅलोवे स्वतः नव्या पक्षातर्फे फेब्रुवारी २०२४ मध्ये रॉचडेलची पोटनिवडणूक जिंकले आणि जुलैमध्ये तीच जागा हरले. म्हणजे त्यांचं जुनंच: जोरात जिंकायचं, टिकवायचं नाही.

तोट्याचा स्तंभही आहे. कार्यकर्त्यांची उमेद मोडली. जे पहिल्यांदा राजकारणात आले ते भांडणं बघून घरी बसले. आणि मोहल्ल्याचे साधे प्रश्न, घरभाडं, शाळा, नोकऱ्या, पक्षाच्या भांडणात मागे पडले.

त्या मुलीला दिलेलं उत्तर

आठवड्याने मी तिला म्हटलं, ‘‘बेटा, तुझे अब्बू आणि मामू दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. मोठ्या पक्षाला आपलं मत ठरलेलं वाटलं तर तो विचारत नाही, हे मामूंचं खरं. आणि छोटा पक्ष नुसत्या रागावर टिकत नाही, हे अब्बूंचं खरं.’’

मग आम्ही वर्गात मिळून चार प्रश्न तयार केले. कोणताही छोटा पक्ष दारात आला की विचारायचे. याचा नेता उद्या नसला तर पक्ष चालेल का? ज्या प्रश्नावर हा उभा आहे तो सुटला किंवा जुना झाला, तर पुढे काय करणार? याच्या बैठकीत निर्णय मशवऱ्याने होतात की एका माणसाच्या फोनने, आणि त्या बैठकीत बायका आणि तरुण असतात का? आणि निवडून आलेला माणूस निवडणुकीच्या दुसऱ्या वर्षी मोहल्ल्यात दिसतो का, की टीव्हीवरच?

रायगडमधल्या वाचकांच्या घरी शेतकरी कामगार पक्षाच्या गोष्टी असतील, इतर ठिकाणी लाल निशाणाच्या. आपल्या दादा-नानांना हे चार प्रश्न घेऊन त्या पक्षांबद्दल विचारून बघा. तासभर छान बोलणं होईल.

त्या मुलीने शेवटी वहीत पाचवा प्रश्न लिहिला आणि मला दाखवला: ‘‘हे चार प्रश्न मोठ्या पक्षाला पण विचारायचे का?’’

मी म्हटलं, आधी त्यांनाच.